वर्गणी कोणाची, निर्णय कोणाचा?
(वेस्ट मांबलम, चेन्नई येथे मराठी सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज या वर्गात तंजावरी मराठी बोलणारे सभासदही बसले आहेत. म्हणून लष्करी करारांच्या खर्चाचा विषय आम्ही तंजावरपासूनच सुरू करतो.

1773 मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या मदतीने तंजावर घेतले. 1776 मध्ये कंपनीनेच तुळजाराजांना पुन्हा गादीवर बसवले. पण कंपनीची फौज तंजावरात राहिली आणि तिच्या खर्चापोटी सालिना 4 लाख होन राजांच्या माथी बसले. फौजेचे निर्णय कंपनीचे, पैसा तंजावरच्या रयतेचा. बाकी थकली, कर्ज वाढले. अखेर 1799 च्या तहाने सरफोजीराजांना सारा मुलकी कारभार कंपनीच्या हवाली करावा लागला. त्यांच्याकडे उरले सालिना 1 लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा.

पुण्यातही तेच घडले. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौजेसाठी 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. 1818 मध्ये पेशवाईच बुडाली.

आता आजची नाटो पाहू. तिच्या सामाईक अंदाजपत्रकातील वाटे राष्ट्रीय उत्पन्न पाहून ठरतात. अमेरिकेचा वाटा पूर्वी 22 टक्क्यांच्या वर होता. 2021 पासून तो जर्मनीइतकाच, सुमारे 16 टक्के झाला. परंतु ही रक्कम तुलनेने लहान आहे. खरा बोजा प्रत्येक देशाच्या स्वतःच्या लष्करी खर्चाचा. 2014 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय उत्पादनाच्या 2 टक्क्यांचे लक्ष्य ठरले होते. 2025 मध्ये हेग येथे ते 2035 पर्यंत 5 टक्के करण्याचे ठरले: साडेतीन टक्के प्रत्यक्ष लष्करासाठी, दीड टक्का पूरक सोयींसाठी. कल्याणकारी योजनांना धक्का बसेल म्हणून स्पेनच्या सरकारने एवढा खर्च करणार नाही असे सांगितले.

नाटोत निर्णय सर्वसंमतीने होतात. तंजावरला तो अधिकार नव्हता. हा फरक आम्ही मान्य करतो. पण राष्ट्रांनी आपसांत वाटे ठरवले, तरी प्रत्येक राष्ट्राच्या आत तो बोजा कोणावर पडणार हा प्रश्न उरतोच. श्रीमंतांवर कर बसणार, की कामगारांच्या पेन्शनला आणि दवाखान्यांना कात्री लागणार?

भारत अशा कोणत्याही लष्करी गटात नाही. तरीही संरक्षणखर्च आपल्याच करांतून होतो. आपल्या युनियनमध्ये वर्गणी भरणारा सभासद सर्वसाधारण सभेत उभा राहून हिशेब मागतो. देशाच्या कारभारातही तोच हक्क आम्ही मागतो.