वळवाचं आकाश आणि शिकाऊ वैमानिक
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान, मार्केट यार्ड, पुणे)



हा विषय मार्केट यार्डात मांडायला मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे. वैशाखात दुपारनंतर ढग चढू लागले की इथले हमाल आणि अडते कुणी सांगायची वाट न बघता ताडपत्र्या काढतात. भिजलेल्या कांद्याच्या पोत्यांनी तुम्हाला ते शिकवलेलं आहे. आज बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी आपल्याकडची मुलंमुली विमान चालवायला शिकतात. त्यांनाही हेच आकाश वाचायचं असतं, आणि चुकलं तर भिजण्यावर भागत नाही.

व्यावसायिक परवान्यासाठी हवामानशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, उत्तीर्ण व्हायला 70 टक्के गुण लागतात. मुलं मेहनत करून ते मिळवतात. पण पाठ केलेलं हवामान आणि धावपट्टीच्या टोकाला उभं राहून ओळखलेलं हवामान यांत अंतर राहतं. ते कमी कसं होईल, एवढंच मला आज सांगायचं आहे.

उन्हापासूनच सुरुवात करू. निरभ्र आकाश म्हणजे चांगलं हवामान, असं नवख्याला वाटतं. लोहगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 1,942 फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात त्या उंचीला साधारण 11 अंश तापमान धरतात. एप्रिलअखेरच्या दुपारी पारा 40 वर गेला, तर फरक 29 अंशांचा झाला. दर अंशाला 120 फूट हा वैमानिकांचा ठोकताळा लावा आणि त्यात विमानतळाची उंची मिळवा. उत्तर येतं सुमारे 5,400 फूट. कळसूबाईचं शिखर तेवढंच उंच आहे. म्हणजे विमान उभं असतं लोहगावला, पण पंखांना, पंख्याला आणि इंजिनाला हवा मिळते ती कळसूबाईच्या माथ्यावरची. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, धावपट्टी जास्त खर्ची पडते आणि विमान वर चढतं ते रेंगाळत. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन निघालेल्या लहान विमानाला हे फार जाणवतं. सकाळी सातला सहज जमलेलं उड्डाण दुपारी दोनला जमेलच असं नाही. म्हणून हे गणित रोज, त्या दिवसाच्या तापमानाने करावं लागतं.

आता वळीव. विमानतळाच्या हवामान-अहवालात, ज्याला वैमानिक 'मेटार' म्हणतात, तापमान आणि दवबिंदू शेजारी शेजारी दिलेले असतात. समजा, 38 आणि 8. फरक 30. दर अंशाला 400 फूट धरले तर दुपारच्या ढगाचा तळ जमिनीपासून 12,000 फुटांवर येतो. दोन दिवसांनी दवबिंदू 18 झाला, तर तोच तळ 8,000 फुटांवर उतरतो. दहा अंशांच्या त्या चढाचा अर्थ असा, की समुद्रावरची ओल दख्खनच्या पठारावर पोचली आहे. तापलेली जमीन तयारच असते. त्या दुपारी ढग उभे वाढणार, ही शंका सकाळीच यायला हवी.

आपल्या वळवाच्या ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असते, आणि घात होतो तो इथेच. पाऊस जमिनीवर पोचण्याआधी वाटेतच आटतो. आटताना हवेतली उष्णता घेतो, हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते. नळाची धार फरशीवर आपटून चहूकडे पसरावी, तशी ती जमिनीवर पसरते. खाली पावसाचा थेंब नसतो, नुसता धुळीचा लोट दिसतो.

हा प्रकार जगाला नीट समजावला तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने. 1945 मध्ये अणुस्फोटानंतर त्यांनी हिरोशिमा आणि नागासाकीची पाहणी केली होती. स्फोटाच्या जागेपासून झाडं बाहेरच्या दिशेला आडवी झालेली त्यांनी पाहिली. 1974 मध्ये अमेरिकेतल्या वादळांनंतर विमानातून जंगल पाहताना त्यांना तशीच, केंद्रापासून बाहेर पडलेली झाडं दिसली. पुढच्याच वर्षी, 24 जून 1975 रोजी, न्यूयॉर्कला उतरणारं ईस्टर्न कंपनीचं विमान गडगडाटी ढगाखाली कोसळलं, 113 माणसं गेली. कारण त्या खाली आपटणाऱ्या हवेतच आहे, हे फुजितांनी मांडलं.

उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून जोरदार वारा लागतो. वेग वाढतो, विमान वर उचललं जातं, आणि नवखा हात इंजिनाची ताकद कमी करतो. पुढच्या काही सेकंदांत हवा वरून दाबते आणि मग वारा मागून येतो. वेग गळतो, तोवर जमीन जवळ आलेली असते. विद्यार्थ्याने हा क्रम झोपेतही सांगता येईल इतका घोकावा. मात्र त्यातून सुटण्याच्या कौशल्यावर भरवसा ठेवून ढगाजवळ जाऊ नये. तीव्र गडगडाटी ढगापासून किमान 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर लांब राहावं, असं अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं मार्गदर्शन आहे. इथून उरुळी कांचन जवळपास तेवढंच. तिकडे गडगडत असताना 'आपल्यावर तर ऊन आहे' हे उत्तर चालत नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. तिथे भीती खाली उतरलेल्या ढगांची आणि घाटमाथ्याची. नजरेच्या भरवशावर उडताना साधारण 5 किलोमीटर दृश्यता आणि ढगापासून उभं 1,000 फूट अंतर लागतं. डोंगर ढगात गेला की हे दोन्ही एकदम हातचे जातात.

आपलं गाव यात भाग्यवान आहे. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, शिवाजीनगरची ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. खातं पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशाराही देतं. तो वाचायचा, आणि मग बाहेर येऊन वर बघायचं.

आईवडिलांशी शेवटी बोलतो. परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. काहींनी त्यासाठी जमीन गहाण ठेवली आहे, हे मी जाणतो. त्यामुळे संध्याकाळच्या फोनवर पहिला प्रश्न येतो, 'आज किती तास झाले?' पोरगं तो प्रश्न मनात घेऊन दुसऱ्या दिवशी ढगाकडे बघतं. कृपा करून हा प्रश्न बदला. आज दवबिंदू किती होता, ते विचारा. आठवरून अठरावर गेला असं सांगितलं, तर उद्याचं उड्डाण सकाळचंच घे, असं तुम्हीच म्हणा. फी मी बघतो, हेही सांगा.