बिल कुणाच्या नावावर?



घरात मिक्सर कोण वापरतं? हसताय, पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हा साधा प्रश्न कुणाला पडत नाही.

आमच्या बचत गटातली एक ताई शेंगदाण्याची चटणी करून विकते. आठ महिन्यांत मिक्सरची मोटर जळली. वॉरंटी दोन वर्षांची. दोन बस बदलून ती गेली, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बिल मिस्टरांच्या नावावर आहे, त्यांना पाठवा." पुढच्या खेपेला नवरा मजुरी बुडवून गेला. तेव्हा ऐकवलं, "चटणी विकता ना? मग हा धंद्याचा वापर. वॉरंटी नाही." तिसऱ्यांदा मी सोबत गेले, तर तो सगळं मलाच समजावत बसला. तिच्याकडे बघेचना! (नियम त्या मुलाने केलेले नाहीत, हेही खरं.)

१९७२ साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आज लाटणं दाखवायचं कुणाला? कंपनीला फोन लावला की यंत्रच बोलतं, एक दाबा, दोन दाबा.

कायदा काय म्हणतो? १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, तो २०२० पासून लागू आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारीही त्यात ग्राहकच आहे. आणि केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी' ठरत नाही. म्हणजे आमची ताई स्वतःच्या नावाने तक्रार करू शकते. वॉरंटी कार्डावरची 'फक्त घरगुती वापरासाठी' ही बारीक अक्षरातली अट वेगळी. तिच्यावर भांडावं लागेल, आणि जिंकूच असं मी सांगणार नाही.

'संमतीने' हा शब्द मला खटकतोच. नवरा टाकून गेलेल्या बाईने कुणाची संमती दाखवायची? हप्ते आपण फेडतो, तर बिलही आपल्याच नावावर करून घ्या.

आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ वर फोन करून बघा. पण तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. वॉरंटी का नाकारली, ते जॉब कार्डावर लिहून मागा. लिहायची वेळ आली की त्यांची भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे.

ताईने गेल्या आठवड्यात स्पीड पोस्टाने कंपनीला नोटीस धाडली. सही तिचीच. मिक्सर अजून तिकडेच पडून आहे, चटणी सध्या शेजारणीच्या मिक्सरवर होते.