चोवीस तासांचें भांडवल

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पालक व विद्यार्थी यांच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवसांत आपल्या वाडवडिलांनीं बांधिलेल्या देवळाचें, त्यांनीं काढलेल्या शाळेचें व त्यांच्या कष्टांचें स्मरण आपण करीतच आहों. आज मात्र एका नव्या प्रकारच्या कष्टांकडे आम्ही आपलें लक्ष वेधूं इच्छितों. आपले कित्येक मुलगे व मुली मुंबईच्या कॉलेजांत व्यवस्थापनशास्त्र, म्हणजे ज्यास आपण सर्वजण एम.बी.ए. म्हणतों तें, शिकत आहेत. त्यांच्याविषयीं दोन प्रकारचें बोलणें आमच्या कानीं येतें. घरचीं माणसें म्हणतात, "मुलगा घरांत असतो खरा, पण डोळे सदा कॉम्प्युटरवर. हांक मारली तर ओ देत नाहीं." मुलें म्हणतात, "आम्हांला श्वास घ्यावयास वेळ नाहीं, आणि हें घरीं कोणाला समजत नाहीं." दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. एका पक्षानें दुसऱ्याचा दिवस नीट पाहिलेला नाहीं, म्हणून त्या वाढत आहेत. तो दिवस उलगडून दाखवावा, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, ही विद्या आपल्याला वाटते तितकी परकी नाहीं. दुहेरी नोंदीनें जमाखर्च कसा ठेवावा याचें पहिलें छापील विवेचन लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशानें १४९४ सालीं व्हेनिस येथें प्रसिद्ध केलेल्या गणितग्रंथांत आहे. व्यापाऱ्यानें आपल्या वहीवर आरंभीं क्रुसाची खूण करावी, असेंही त्यानें सुचविलें आहे. पुढें पॅरिस येथें १८१९ सालीं, अमेरिकेंत व्हॉर्टन येथें १८८१ सालीं व हार्वर्ड येथें १९०८ सालीं अशा शाळा निघाल्या. मुंबईचें सिडनहॅम कॉलेज १९१३ चें. जमशेदपूरच्या पोलादनगरींत येशूसंघीय धर्मगुरूंनीं १९४९ सालीं जी संस्था काढली, ती आज एक्स.एल.आर.आय. म्हणून देशभर प्रसिद्ध आहे. तिच्या मूळ नांवांतच कामगारसंबंध हे शब्द होते, आणि आरंभींच्या काळांत अधिकाऱ्यांबरोबर कामगारसंघांच्या कार्यकर्त्यांनाही तेथें शिक्षण मिळे. कलकत्ता व अहमदाबाद येथील आय.आय.एम. संस्था १९६१ सालच्या, आणि चर्चगेटजवळील जमनालाल बजाज संस्था १९६५ सालची. अहमदाबादच्या संस्थेस आरंभीं हार्वर्डचें साहाय्य होतें. त्याबरोबर तेथील 'केस' पद्धतीही आपल्या देशांत रुजली.

आतां हें 'केस' म्हणजे काय, तें सांगणें अवश्य आहे. कारण विद्यार्थ्याच्या रात्री त्यांतच जातात. केस म्हणजे न्यायालयांतील खटला नव्हे. एखाद्या खऱ्या धंद्यावर आलेल्या अडचणीची ती हकीकत असते. दहावीस पानें वर्णन, शेवटीं विक्रीचे व खर्चाचे तक्ते, आणि उत्तर कोठेंच नाहीं. कारखान्यानें नवें यंत्र घ्यावें कीं जुनेंच चालवावें? मालाची किंमत उतरवावी कीं दर्जा वाढवावा? कामगार कमी करावे कीं नफा कमी घ्यावा? विद्यार्थ्यानें आदल्या रात्रीं हें वाचून, आंकडेमोड करून, आपलें मत ठरवून वर्गांत बसावयाचें. प्राध्यापक अवचित कोणाचें तरी नांव घेऊन विचारतात, "आपण त्या जागीं असतां तर काय केलें असतें?" ज्यानें वाचलें नाहीं त्याला लपावयास जागा नाहीं, आणि वर्गांतील बोलण्यालाही पुष्कळदां गुण असतात. शिवाय हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, विक्रीशास्त्र, कायदा असे विषय एकाच वेळीं चालूं असतात. रसायनशास्त्र किंवा साहित्य शिकून आलेल्या मुलाला तर ताळेबंद तेथें पहिल्यानेंच दिसतो.

विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीचा दिवस डोळ्यांपुढें आणूं. अंतर सुमारें ६० किलोमीटर. ती पहाटे पांचला उठते. आई डबा भरते, तोंवर ती रात्रीं अर्धवट राहिलेला तक्ता पुरा करते. गाडींत बसावयास जागा मिळाली तर भाग्य. नाहीं तर एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातांत मोबाईल, आणि मोबाईलवर आजची केस. नऊला वर्ग सुरू होतो. दुपारीं वर्ग संपले कीं गटाचें काम. पांचसहा विद्यार्थ्यांनीं मिळून एक विषय अभ्यासावयाचा व तो सर्वांपुढें मांडावयाचा. पहिल्या पानावर नांवें सहा, पण काम दोघांचें, असा प्रकार येथें नित्य घडतो. काम न करणाऱ्या मित्राला मैत्री न तोडतां कसें बोलावें, हा व्यवस्थापनाचा धडा तिला पुस्तकापूर्वीं या टेबलाशींच मिळतो. संध्याकाळीं एखाद्या कंपनीच्या अधिकाऱ्याचें भाषण, नाहीं तर विद्यार्थ्यांच्या समितीची बैठक. मग परतीची गर्दी. घरीं येऊन जेवते तोंच आठवण होते कीं, निबंध रात्रीं ११ वाजून ५९ मिनिटांच्या आंत पाठवावयाचा आहे. त्यानंतर संगणकावरचें दार आपोआप मिटतें. तो पाठविला कीं उद्यांची केस उघडावयाची.

आतां तिच्याच विद्येनें तिच्या दिवसाचा ताळेबंद मांडूं. झोप ६ तास. जाणेंयेणें ४ तास. वर्ग ६ तास. गटाचें काम २ तास. स्वतःचा अभ्यास ३ तास. न्हाणें, जेवणें, घरांतून निघणें इत्यादि २ तास. एकूण २३ झाले. चोवीसांतून तेवीस वजा जातां उरला एक तास. या एका तासावर हक्क सांगणारे किती? आईला दोन शब्द बोलावयाचे असतात. आजीला डोळ्यांत औषध घालून घ्यावयाचें असतें. गायनमंडळाचा सराव असतो. मैत्रिणीचा साखरपुडा असतो. आणि या सर्वांच्या आधीं, कोणी न बोलावतां येऊन बसणारा मोबाईल असतो. गाडी उशिरां आली किंवा गटाची बैठक लांबली, तर तो एक तासही उरत नाहीं; मग झोपेंतून उसना घ्यावा लागतो.

या ताळेबंदांतच आमच्या सांगण्याचा गाभा आहे. व्यवस्थापनशास्त्र मुळांत काय शिकवितें? साधनें थोडीं आहेत आणि मागण्या पुष्कळ आहेत, तेव्हां विचारपूर्वक निवड करा, हें शिकवितें. एक वस्तु निवडली म्हणजे जी सोडावी लागली तिचें मोल हीच निवडीची खरी किंमत, असें अर्थशास्त्र सांगतें. पैशाच्या बाबतींत हें तत्त्व विद्यार्थी पहिल्या महिन्यांतच पाठ करतो. वेळेच्या बाबतींत मात्र तो तें विसरतो. पीटर ड्रकर या लेखकानें १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत अधिकाऱ्यांस सल्ला दिला कीं, कामांची यादी करण्यापूर्वीं आपला वेळ प्रत्यक्ष कोठें जातो तें लिहून पाहा. हेन्री मिंट्झबर्ग यानें पांच मोठ्या अधिकाऱ्यांच्या शेजारीं राहून त्यांचे दिवस टिपले. त्याचें पुस्तक १९७३ सालीं निघालें. शांतपणें बसून योजना आंखणारा अधिकारी त्याला आढळला नाहीं. आढळला तो तुकड्यातुकड्यांनीं, क्षणाक्षणाला अडवला जाणारा मनुष्य. म्हणजे दोन वर्षांची ही ओढाताण पुढील आयुष्याची तालीमच आहे. ज्यानें येथें निवड करावयास शिकून घेतलें, त्याला पदवी खरोखर मिळाली. ज्यानें निवड केली नाहीं, त्याच्या वतीनें ती दुसरे करतात. आणि सोडल्या जाणाऱ्या गोष्टींत आई, आजी व झोप यांचींच नांवें पहिलीं असतात, कारण त्या दंड करीत नाहींत.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट झोपेची. एलियाहू गोल्डरॅट याची 'द गोल' ही कादंबरी १९८४ सालीं निघाली व व्यवस्थापनाच्या पुष्कळ वर्गांतून ती वाचली जाते. कारखान्यांत एक यंत्र सर्वांत मंद असतें. तेथें गमावलेला तास हा सबंध कारखान्याचा गमावलेला तास होय, असें तिचें सार आहे. आपल्या देहाचा कारखाना जेथें अडतो, ती जागा बहुतेक वेळां झोपेची असते. रात्रभर जागून तयार केलेली केस सकाळीं वर्गांत तोंडाशीं येत नाहीं, हें आपण अनुभवलेंच असेल.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. वेळ नसला म्हणजे दुसऱ्याचा तक्ता उचलावा, यंत्राकडून निबंध लिहवून घ्यावा, न केलेल्या कामावर नांव घालावें, असा मोह होतो. पुढें ज्या माणसाच्या सहीवर इतरांचे पगार व ठेवी अवलंबून राहणार, त्याची सही येथेंच घडत असते.

तिसरी गोष्ट अशी कीं, आठवड्यांतून थोडा वेळ असा ठरवा कीं जो कोणत्याही बैठकीला विकावयाचा नाहीं. रविवारची मिस्सा व त्यानंतर घरच्यांबरोबर जेवण, एवढें तरी ठरवा. उरलेल्या वेळांतून पाहूं असें म्हणाल, तर उरलेला वेळ कधींच येणार नाहीं. आणि त्या जेवणाच्या वेळीं आजीला तिच्या धंद्याविषयीं विचारा. याच रेल्वेनें आपल्या भागांतील किती आज्यांनीं भाजीच्या व फुलांच्या टोपल्या मुंबईच्या बाजारांत नेल्या! संध्याकाळपर्यंत कोमेजणारा माल कोणत्या घटकेला किती उतरवून द्यावा, उधारी कोणाला द्यावी व कोणाला नाकारावी, हें त्यांस ठाऊक होतें. आपण ज्याला किंमतनिश्चिती म्हणतां ती विद्या आपल्याच घरांत, ओटीवर बसलेली आहे.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. पहिल्या वर्षाच्या शेवटीं मुलगा दोन महिने एखाद्या कंपनींत उमेदवारी करतो. दुसऱ्या वर्षीं कंपन्या कॉलेजांत येऊन मुलाखती घेतात. हा काळ फार कठीण. शेजारीं बसणाऱ्या मित्राला नोकरी मिळते, आपल्याला नाहीं. शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम चालूं असतां सहसा सुरू होत नाहीं, पण व्याज चढत असतें, आणि हें मुलाला पक्कें ठाऊक असतें. अशा वेळीं "अमक्याच्या मुलाला पगार किती मिळाला?" हा प्रश्न घरांत विचारूं नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९१ च्या आपल्या परिपत्रकांत, नफा हें धंदा नीट चालल्याचें एक लक्षण मानलें. परंतु हिशेब चोख असूनही त्यांतील माणसें अपमानित झालेलीं असूं शकतात, असाही इशारा दिला. घराचेंही तसेंच आहे. मुलगा अन्न सोडूं लागला, कोणाशीं बोलेनासा झाला, रात्र रात्र जागूं लागला, तर त्याला आळशी म्हणूं नका. जवळ बसा, आणि जरूर तर डॉक्टरांकडे न्या. पगाराचा आंकडा उद्यां वाढेल. खचलेलें मन भरून यावयास फार काळ लागतो.

आणि धर्मग्रामांतील मंडळांसाठीं एक शब्द. तरुण येत नाहींत, अशी आपली तक्रार असते. सातची सभा पावणेआठला सुरू होऊन दहापर्यंत चालली, तर ज्याच्यापाशीं दिवसाचा एकच तास आहे तो पुन्हां कसा येईल? सभा वेळेवर सुरू करा, वेळेवर संपवा, आणि काम नेमकें सांगा. "येऊन बस" म्हटल्यास तो येणार नाहीं. "महोत्सवाच्या हिशेबाचा तक्ता करून दे, एका तासाचें काम आहे" म्हटल्यास तो आनंदानें येईल, आणि शिकलेली विद्या आपल्या माणसांच्या उपयोगीं पडते हें त्याला प्रथमच दिसेल.

बंधुभगिनींनो, ज्यांनीं हें देऊळ उभारलें त्यांच्या दिवसालाही चोवीसच तास होते. शेत, वाडी, बाजार व मुलेंबाळें सांभाळून त्यांनीं त्यांतला कांहीं वेळ आपल्यासाठीं निवडून काढला, म्हणून आज आपण येथें जमलों आहों. आपल्या मुलांच्या हातीं तेंच भांडवल आहे. तें शहाणपणानें खर्च करण्याची बुद्धि परमेश्वर त्यांस देवो, आणि त्यांचा थकवा ओळखण्याची दृष्टि आपणां सर्वांस देवो, हीच आमची प्रार्थना.