मनाचा आजार, ‘नैसर्गिक’ गोळ्या आणि आपली विवेकबुद्धी

(वर्षावासातील रविवारच्या प्रवचनमालेत आम्ही उभयतांनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. विहारात सतरंज्या अंथरणे, पौर्णिमेला खिरीच्या पातेल्याला हात लावणे, एवढेच आमचे काम. पण समितीने आग्रह केला आणि आमची लेकही म्हणाली, “सांगा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.” म्हणून उभे राहिलो. हे भाषण लिहून झाल्यावर आधी तिलाच वाचायला दिले. तिने दोन वाक्ये खोडली. ती आम्ही बोलणार नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पोरगी अंथरुणाला खिळली. ताप नाही, खोकला नाही. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास थांबला, केस विंचरणे थांबले, “मी कशाला जगते” असं म्हणू लागली. त्याआधीच्या दिवाळीत हीच पोर चार-चार रात्री झोपत नव्हती. शिकवणीचे साठवलेले पैसे तिने वाटून टाकले, रात्री दोन वाजता भिंती रंगवायला काढल्या. तेव्हा आम्हाला तो उत्साह वाटला होता.

वस्तीतले कुणी म्हणाले, “बाहेरचं असेल, अंगारा आणा.” ते आम्ही तिथंच तोडलं. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा आमचे आजोबा त्या गर्दीत होते. तेव्हापासून आमच्या घरात अंगारा-धुपारा नाही, याचा आम्हाला अभिमान. सरळ सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरीणबाईंनी खूप वेळ विचारपूस केली, दिवाळीतलं सगळं काढून घेतलं आणि म्हणाल्या, “हा बायपोलर आजार असण्याची शक्यता आहे. थायरॉइड आणि रक्ताच्या तपासण्या करू, झोपेची रोज वहीत नोंद ठेवा, दोन आठवड्यांनी या.”

बायपोलर म्हणजे मन काही काळ खोल खाली जाते आणि काही काळ वाजवीपेक्षा फार वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार होता. पण आम्हाला तेव्हा आमची एकच पोर दिसत होती. लोक काय म्हणतील, लग्न कसं होईल, जन्मभर गोळ्या खायच्या का? तो ‘शक्यता’ शब्द रात्री झोपू देईना.

अशात परदेशी असलेल्या भाच्याने एक बाटली पाठवली. वर लिहिलेले, ‘शंभर टक्के नैसर्गिक’. सेंट जॉन्स वर्ट नावाच्या, पिवळ्या फुलांच्या झाडाच्या गोळ्या. उदासी जाते म्हणे. जोडीला कुणी अश्वगंधा सांगितली, कुणी माशाच्या तेलाच्या गोळ्या. आम्ही तिन्ही सुरू केले. डॉक्टरीणबाईंना कळवले नाही, तारीखही चुकवली. पोर अशीच बरी झाली तर ते नाव आपल्या दाराशी येणारच नाही, असा आमचा हिशेब.

बाराव्या दिवशी पोर उठून बसली, गाणी म्हणू लागली. आम्ही शेजाऱ्यांना हौसेने चहा पाजला. मग झोप उडाली. चौथ्या रात्री तीन वाजता ती अनवाणी घराबाहेर पडली. स्टेशनवर एका महिला पोलिसाने तिला बाकावर बसवून ठेवले आणि आम्हाला फोन केला. रुळांपासून ते बाक किती पावलांवर होते, ते आम्ही आजही विसरू शकत नाही.

रुग्णालयात डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. “घरात दिलेलं सगळं टेबलावर ठेवा,” एवढंच म्हणाल्या. मग एकेक बाटली समजावून सांगितली. सेंट जॉन्स वर्ट मनावर औषधासारखेच काम करते आणि बायपोलर असलेल्या माणसाला वरच्या टोकाला ढकलू शकते. शिवाय कित्येक औषधांचा असर ते कमी करते, त्यात गर्भनिरोधक गोळ्याही आल्या. अश्वगंधेने थायरॉइडचे प्रमाण वाढू शकते, क्वचित यकृताला त्रास होतो. माशाच्या तेलाचा उदासीच्या काळात, औषधाच्या जोडीला, थोडा उपयोग काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही. औषधाच्या जागी ते चालत नाही. त्या गोळ्यांमुळेच झालं असं त्यांनी ठामपणे सांगितलं नाही, कारण या आजाराची पाळी आपणहूनही येते. पण धोका आम्ही अजाणता वाढवला होता, हे खरे. आता ‘शक्यता’ राहिली नाही, निदान झाले.

उपासक-उपासिकांनो, आम्हाला तेव्हा जीवक आठवला. तक्षशिलेत सात वर्षे शिकल्यावर आचार्यांनी त्याला औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितली. तो रिकाम्या हाताने परत आला, कारण तशी एकही सापडली नाही. म्हणजे प्रत्येक झाडपाला औषध आहे, आणि म्हणूनच कुणाला, कधी, किती द्यायचे ते जाणणारा वैद्य हवा. खुद्द तथागतांनी जीवकाचे औषध घेतले. कालामांना त्यांनी सांगितले की ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून काही मानू नका, पारखून घ्या. आम्ही अंगारा पारखून नाकारला, पण बाटलीवरचा शब्द न पारखता मानला. आमचं चुकलं ते इथं.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणाल, तर लेकीला आज जे औषध चालू आहे ते लिथियम, खडकात सापडणारे मूलद्रव्य. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड या डॉक्टरांनी या आजारावर त्याचा उपयोग दाखवला. पण तेही मोजूनच. रक्तातले प्रमाण थोडे जास्त झाले तरी विषबाधा होते. म्हणून रक्त, मूत्रपिंड, थायरॉइड यांची वेळोवेळी तपासणी करतो. जुलाब झाले, फार घाम गेला, एकदम मीठ कमी केले, तरी प्रमाण वाढते. अंगदुखीची आयबुप्रोफेनसारखी गोळीही विचारल्याशिवाय देत नाही.

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. एक, चूर्ण असो, काढा असो, गोळी असो, घरात जे जे देता ते डॉक्टरांना सांगा, लाजू नका. दोन, झोपेची वही ठेवा. आमच्याकडे झोप कमी झाली की आजार दार वाजवतोय असे समजतो. तीन, बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद करू नका. चार, जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका, लगेच रुग्णालय गाठा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. शासनाची ही सेवा २०२२ पासून आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क केला आहे. हक्क मागायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलेच आहे.

बाबासाहेबांना मधुमेह होता. ते औषध घेत, पथ्य पाळत आणि लिहीत राहत. त्यांच्या मधुमेहाची कुणी लाज धरत नाही. मग मनाच्या आजाराची का धरायची?

लेक आता सकाळी शिकवणी घेते. परीक्षेचा अर्ज पुन्हा भरला आहे. मध्ये एक पडता काळ येऊन गेला, पुढेही येईल. तेव्हा घरी या, बसा, चहा घ्या. तिला सल्ला नको, सोबत हवी. शोकाने भान हरपलेल्या पटाचारेला लोक हाकलत होते, तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. आपल्या विहाराचे दार तेवढे उघडे राहावे, एवढीच या वर्धापनदिनी आमची विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!