वर्गाच्या दारात कोणते झाड लावावे?

(दापोली तालुक्यातल्या एका वाडीत वैशाखातल्या सभेत केलेले भाषण)



आज आपण झाडांविषयी बोलणार आहोत. मागल्या सभेत तुम्हीच हा विषय काढला होता. वर्गाच्या दारातली जागा मोकळी पडली आहे. तिथे काय लावावे, असे तुम्ही विचारले. विचारले ते बरे केले. तिथे आधी जे झाड होते ते आम्ही लावले होते, आणि लावताना आम्ही कोणालाच विचारले नव्हते.

ती हकिकत आधी सांगतो.

वर्ग सुरू झाला तेव्हा अंगण उघडे होते. सावली लवकर हवी होती. आम्ही रोपवाटिकेतून दोन गुलमोहर आणले. भिंतीपासून आठ हातांवर लावले. झाडे भराभर वाढली. पाच-सहा वर्षांत कौलांच्या वर गेली. लाल फुलांनी झाड भरले, की वाटेने जाणारा माणूस थांबून पाही. आम्हाला मोठा अभिमान वाटे. इथले अण्णा मात्र एकदा म्हणाले होते, "झाड झ्याक आहे. पण वाऱ्याला टिकेल काय?" आम्ही हसलो आणि दुसरे बोलणे काढले.

मग २०२० सालच्या जूनची ३ तारीख आली. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. त्या दिवशी इथे काय झाले, ते आम्ही तुम्हाला काय सांगावे? तुम्हीच ते भोगले आहे. नारळ पडले, पोफळी मोडल्या, आंब्याची जुनी कलमे मुळासकट उलटली. आमचा एक गुलमोहर वर्गाच्या छपरावर आडवा झाला. वासे मोडले, कौले फुटली, कपाटातल्या पुस्तकांचा लगदा झाला. करोनाच्या साथीमुळे वर्ग बंद होता, म्हणून आत कोणी नव्हते. वादळ भर दुपारी आले. एरवी दुपारी त्याच कोपऱ्यात बायकांचा वर्ग भरे. आज समोर बसलेल्या कितीतरी काकी आणि वहिनी तिथे पाटी घेऊन बसत. ते छप्पर आठवले, की अजून आमच्या पोटात गोळा येतो.

दुसरा गुलमोहर आम्ही स्वतःच तोडला.

पडलेल्या झाडाची मुळे आम्ही नीट पाहिली. ती ताटासारखी पसरली होती. खोल एकही गेले नव्हते. खाली जांभ्याचा कातळ, जाणार कुठे? आणि मधोमध मुळांचे वेटोळे होते. रोप प्लॅस्टिकच्या पिशवीत जसे गुंडाळले गेले होते, तसेच ते इतकी वर्षे राहिले होते. रोपवाटिकेत फुलांचा फोटो लावलेला असतो, मुळांचा फोटो कोणी लावत नाही.

आता गुलमोहर हे वाईट झाड आहे काय? तसे नव्हे. ते मूळचे मादागास्कर बेटावरचे. माळावर, घरापासून लांब, खुशाल असावे. पण दारात नको. त्याचे लाकूड ठिसूळ असते. मुळे वरवर पसरतात. आणि ऐन चैत्रात, जेव्हा डोके तापते, तेव्हा ते बहुधा उघडेबोडके उभे असते. म्हणजे ज्या कामासाठी आणले, ते कामही त्याने वेळेवर केले नाही.

तेव्हा झाड निवडताना पहिली गोष्ट आपली हवा बघायची. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ते सगळे पाणी जागच्या जागी साठले, तर दहा फूट चढेल. यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. पुढले आठ महिने जवळजवळ कोरडे. चार महिने झाडाचे पाय पाण्यात, आणि वैशाखात त्याच झाडाला घागरभर पाणी घालायचे तर विहिरीचा तळ दिसतो. वर दमट उष्मा. घाट चढून गेले, की उन्हात घाम वाळतो. इथे सावलीत बसले तरी अंगाला चिकटतो. म्हणून आपल्याला सावली हवी, आणि सावलीखालून वाराही हवा. खालपासून फांद्या असलेले दाट झाड खिडकीला लागून लावले, तर वारा अडतो, भिंत ओली राहते, डास वाढतात. खोड सरळ वर जाऊ द्यावे. डोक्यावर हात केला तर फांदीला लागू नये, इतक्या खालच्या फांद्या हळूहळू काढाव्यात.

घाटावरचा पाहुणा आला, की सांगतो, कडुलिंब लावा. कडुलिंबाचे गुण मोठे आहेत, पण ते कोरड्या हवेचे झाड. मुळाशी पाणी तुंबलेले त्याला सोसत नाही. सोलापूरकडे ते जसे पोसते, तसे आपल्याकडे पोसत नाही. पाहुण्याला चहा द्यावा, झाड मात्र आपल्या हवेचे लावावे.

आपल्या हवेचे झाड कोणते, हे कळायला पुस्तक लागत नाही. गावच्या देवरहाटीत जाऊन या. वादळात तिथलीही झाडे पडली. पण जी राहिली ती बघा. त्यांनी शेकडो पावसाळे काढलेले आहेत. बी गोळा करायचे असेल, तर आधी गुरवांना आणि मानकऱ्यांना विचारा. काही गावांत तिथले पानही उचलत नाहीत. ती रीत मोडू नये.

आता झाडांची नावे घेऊ.

समुद्राच्या अगदी जवळ ज्यांची घरे आहेत, त्यांनी उंडी लावावी. खारा वारा बहुतेक झाडांची पाने करपवतो. उंडीचे पान जाड आणि चकचकीत असते, ती हा वारा सोसते. तिच्या बियांचे तेल पूर्वी दिव्याला जाळत. हे तेल खायचे नव्हे, बरे का. लाकूड होड्यांना उपयोगी पडते. वाढते मात्र सावकाश.

खाडीकाठी, जिथे माती खारट आणि ओली, तिथे करंज. करंजाची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. शिशिर संपताना त्याची पाने गळतात, पण लगेच नवी पालवी येते. वैशाखात झाड हिरवेगार आणि सावली गच्च. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीचा कसही वाढतो.

पाणी तुंबणाऱ्या जागेत तामण, जांभूळ किंवा अर्जुन. तामणीला वैशाखात जांभळी फुले येतात. महाराष्ट्राचे राज्यफूल ते हेच. ज्यांना फुलांची हौस आहे, त्यांनी गुलमोहराऐवजी तामण लावून बघावी. पण ती दारात नको, ओढ्याकडेला शोभते. आणि जांभूळ वाटेवर नको. फळे पडून वाट निसरडी होते, कपडे डागाळतात.

फणस आणि रायवळ आंबा यांना खोल माती द्यावी लागते. कातळावर ते रडत वाढतात. फणसाखाली बाक मांडू नये. दहा किलोचा फणस कधी पडेल, ते फणसही सांगत नाही! नारळाचेही तेच. नारळ घरापासून आणि वाटेपासून दूर हवा. झावळी पडली तरी माणूस जायबंदी होतो. माडाच्या झाडांत एकमेकांपासून २५ फूट अंतर ठेवावे, म्हणजे वारा मधून निघून जातो.

सुरूचे बन किनाऱ्याच्या वाळूत ठीक आहे. ऑस्ट्रेलियन बाभूळ कातळावर लवकर हिरवे दाखवते, म्हणून पुष्कळ ठिकाणी लावली गेली. तिच्या फांद्या वाऱ्यात मोडतात, आणि गुरे तिचे पान खात नाहीत. दारात ती नकोच.

आणि वर्गाच्या दारात? आमचे मन बकुळीवर आहे. काही भागांत तिला ओवळी म्हणतात. बारा महिने पान, सावली दाट, फूल वाळले तरी वास जात नाही. फळ लहान, पडले तरी कोणाला लागत नाही. तिच्या शेजारी, थोड्या आडोशाला, एक रातांबा. त्याला थोडी सावली चालते. मात्र रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावले तर नर झाड निघू शकते, मग आमसुले कुठली? म्हणून मादी झाडाचे कलम आणावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अमृता नावाची जात काढली आहे.

बकुळीचे नाव आम्ही मागल्या सभेतही काढले होते. तेव्हा पुढे बसलेल्या एक काकी म्हणाल्या, "ओवळीची सावली यायला दहा वर्षं. आम्ही काय तोवर उन्हात बसायचं?" त्यांचे म्हणणे खरे आहे. आम्ही गुलमोहर आणले ते याच घाईने. यावर उपाय तुमच्याच घरी आहे. उन्हाळ्यात अंगणात झावळ्यांचा मांडव घालता ना? वर्गाच्या दारातही तसाच मांडव घालू. दर वर्षी घालावा लागेल, खरे. पण तो पडला तर छप्पर मोडणार नाही. बकूळ वाढेल तसा मांडव लहान करत जाऊ.

झाड लावायचे किती अंतरावर? जितके उंच होणार, तितके लांब, हा हिशेब सर्वांत चांगला. एवढी जागा प्रत्येकाकडे नसते. मग झाड तरी लहान निवडावे. आणि पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, हे ध्यानात ठेवावे. त्या बाजूचे उंच झाड पडले तर घरावरच येईल. दुपारचे ऊनही पश्चिमेकडूनच येते, म्हणून सावलीही तिकडेच हवी. इथे जरा पंचाईत होते. म्हणूनच त्या बाजूला ठेंगणे, चिवट झाड बरे.

खड्डा तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. तो आताच, पावसाआधी खणायचा. कातळात खणलेला खड्डा म्हणजे हौदच. त्यात चार-पाच घागरी पाणी ओतून रात्रभर ठेवावे. सकाळी पाणी तसेच असेल, तर पहारीने एक बाजू फोडून पाण्याला वाट करून द्यावी. नाहीतर रोपाची मुळे श्रावणात कुजतील. मग माती आणि कुजलेले शेणखत भरावे.

रोप लावताना पिशवी पूर्ण काढावी. मुळांचे वेटोळे झाले असेल, तर ते हाताने सोडवावे. सुटत नसेल तर वेटोळ्याची मुळे कापावीत. रोप थोडे कोमेजेल, पण वीस वर्षांनी पडणार नाही. आंब्याची कोय तर जागेवरच रुजवावी, म्हणजे सोटमूळ सरळ खाली जाते. आधाराची काठी लावावी, पण दोरी सैल बांधावी. वाऱ्याने थोडे हलले, की खोड बळकट होते.

गुरांपासून जपायला काट्यांची वई करावी. भात कापल्यावर गुरे मोकळी सुटतात, तेव्हा तर हवीच. पहिले दोन उन्हाळे पाणी घालावे लागते. आळ्यात वाळका पातेरा पसरावा, म्हणजे ओल टिकते. पातेरा खोडापासून वीतभर लांब ठेवावा. खोडाला चिकटला तर साल कुजते आणि वाळवी लागते. तो जाळू नका, झाडाला द्या.

रविवारी सकाळी सात वाजता वर्गाच्या दारात खड्डा खणायचा आहे. दोन पहारी, दोन कुदळी आणि घमेली लागतील. पाण्याची परीक्षा त्याच रात्री घेऊ. जागा कुठे धरायची, ते अण्णा दाखवणार आहेत. या वेळी आम्ही त्यांना आधी विचारले आहे.