अम्माची पंच्याहत्तरी

श्रोतेहो, शाळेच्या दाखल्यांवर विश्वास ठेवला, तर आपल्या भागातली निम्मी माणसं १ जूनला जन्मली आहेत. मीही त्यातलाच. जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराला हाताला धरून आणायचा. मास्तर विचारायचे, 'जन्म कधीचा?' बाप म्हणायचा, 'दुष्काळाच्या आधीचा.' मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात कानाला टेकला की सहा वर्षं पुरी आणि तारीख १ जून.

आमची अम्मा शाळेतच गेली नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला १ जूनही आला नाही. आधार कार्ड काढताना अंदाजानं वय सांगितलं आणि कार्डावर १ जानेवारी छापून आली. खरी तारीख विचारली तर ती म्हणायची, 'फौज आली त्या साली, खालीच्या महिन्यात.' दोन्ही ईदच्या महिन्यांमध्ये जिल्काद महिना येतो. त्यात सण नाही, म्हणून आमच्याकडे त्याला 'खाली' म्हणतात. आणि फौज आली म्हणजे १९४८ची पोलीस अ‍ॅक्शन.

तसं आमच्या घरात वाढदिवसाची रीत नव्हती. मूल झालं की अकीका, जरा मोठं झालं की बिस्मिल्ला, पुढचं वय कोण मोजतो! शेजारीपाजारी कुणाची साठीशांत, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन असलं की अम्मा आवर्जून जायची, तीळगूळ घ्यावा तसा प्रसाद घेऊन यायची. स्वतःचं काही करावं असं तिला कधी वाटलं नाही.

पण २०२३ साली मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव आला आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या लेकीनं हिशेब मांडला. मराठवाडा पंच्याहत्तरचा, तर दादीही पंच्याहत्तरची! १७ सप्टेंबरला रविवार होता. ठरलं, त्या दिवशी दादीची पंच्याहत्तरी घरीच करायची आणि तीही 'जुना जमाना' थाटात. हल्ली अशी टूम आहे. सगळ्यांनी जुने कपडे घालायचे, घर जुन्या वस्तूंनी सजवायचं, जुनी गाणी लावायची.

लेकीनं आठ दिवस आधीपासून सामान जमवलं. भंगारवाल्याकडून कंदील आणला, कुणाकडून पितळी स्टो, कुणाकडून वॉल्व्हचा रेडिओ. दोन माणसांनी उचलून एक जातंही आणलं. बैठकीत सगळं मांडून, त्यावर झेंडूच्या माळा सोडून तिनं अम्माला हौसेनं बोलावलं.

अम्मानं सगळं नीट पाहिलं. जात्याजवळ थांबली. म्हणाली, 'ये कायकू लाई?'

लेक म्हणाली, 'दादी, तुमचे जुने दिवस!'

अम्मा खुर्चीवर बसली आणि हळूहळू बोलायला लागली. १९७२चा दुष्काळ. मी तीन वर्षांचा. पाझर तलावाच्या कामावर ती खडी फोडायची आणि मी बाभळीला बांधलेल्या झोळीत. रेशनवर मिळायची ती अमेरिकेची लाल मिलो. तिची भाकरी धड थापता येत नसे आणि खाल्ली तर घशाखाली उतरत नसे. 'जातं होतं की घरात,' अम्मा म्हणाली, 'त्यात घालायला दाणा नव्हता. पहाटे तीनला उठून दळायचं म्हणजे काय, ते जात्याला माळ घालून कळत नाही, बेटा.'

लेकीचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं. आम्ही कवी मंडळीही हेच करतो. आईच्या ओव्या, जात्याची घरघर, चुलीचा धूर! धुरानं आईचे डोळे चुरचुरायचे, हे कवितेत येत नाही. माझ्याही आलेलं नाही.

मग लेकीनं शहाणपणाचा प्रश्न विचारला. 'दादी, तुम्हाला जुन्यातलं काय हवंय?'

अम्मा लगेच म्हणाली, 'अक्काला आणा.'

अक्का म्हणजे नळदुर्गाजवळच्या अम्माच्या माहेरगावची शेजारीण. पंच्याऐंशी वर्षांची. दोघींची भेट होऊन कैक वर्षं लोटली होती. रविवारी सकाळी झेंडावंदन आटोपलं आणि दुपारी नातवानं गाडीत घालून अक्कांना आणलं. अक्का माळकरी. उस्मानाबादी शेळीचं नाव देशभर असलं, तरी त्या दिवशी आमच्या घरात मटण शिजलं नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी आणि खव्याचे गुलाबजाम.

बैठकीत आल्याआल्या अक्कांची नजर कंदिलावर गेली. 'पोरी,' त्या अम्माला म्हणाल्या, 'अशाच कंदिलावर जन्मलीस तू. मी धरला होता.'

सगळे गप्प झाले. अक्का तेव्हा दहा वर्षांच्या. त्या सालच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं त्यांच्या घरातले पुरुष सोलापूरच्या हद्दीत निघून गेले होते. घराची किल्ली होती माझ्या आजोबांकडे, म्हणजे अम्माच्या वडिलांकडे. सप्टेंबरात पारडं फिरलं. १३ तारखेला सोलापूरकडून भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि नळदुर्गापाशी चकमक झाली. चार दिवसांत, १७ तारखेला, निजामानं शरणागती पत्करली. पण त्याच दिवसांत आणि पुढच्या काही आठवड्यांत गावोगावच्या साध्यासुध्या मुसलमानांवरही सूड उगवला गेला. केंद्र सरकारनं पाहणीसाठी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं सर्वाधिक झळ बसलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आहे. बाकीचे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड.

'तोफांचा आवाज आला त्याच रात्री हिच्या आईला कळा सुरू झाल्या,' अक्का सांगत होत्या. 'आमच्या आईनं तिला मागच्या दारानं आमच्या घरात घेतलं. दाराला घोंगडं लावलं. कंदिलाची वात बारीक केली आणि बाहेर उजेड दिसू नये म्हणून पुढं कोंबड्यांचं डालं आडवं धरलं. एका हातात कंदील, एका हातात डालं, अशी मी बसले होते. उजाडायच्या आत ही झाली. रडली तसं आईनं तिला छातीशी दाबून धरलं. पुढं महिनाभर मायलेकी आमच्याकडंच होत्या.'

लेकीनं हळूच विचारलं, 'तोफांचा आवाज आला त्या रात्री? म्हणजे १३ सप्टेंबर?'

आम्ही सगळे अम्माकडे पाहू लागलो. पंच्याहत्तर वर्षांनी अम्माला जन्मतारीख मिळाली होती, आणि ती चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती! अम्मा हसली. म्हणाली, 'पंच्याहत्तर सालात चार दिवस म्हणजे काय!' मग अक्कांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. रेडिओ, स्टो, जातं यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी लेकीनं कंदील पुसला, वात कापली, रॉकेल मिळेना म्हणून पेटवला मात्र नाही.

पुढच्या पावसाळ्यात अक्का गेल्या. त्या रविवारी त्यांना आणलं नसतं, तर अम्माची तारीख आणि त्या रात्रीची गोष्ट त्यांच्याबरोबरच गेली असती. मी आयुष्यभर कविता लिहिल्या, पण माझी आई कुणाच्या घरात जन्मली हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. अम्माला ठाऊक होतं का, हेही मी नंतर विचारलं. ती म्हणाली, 'इतकंच ठाऊक होतं, की अक्काचं देणं आहे. काय ते आईनं कधी बोलून दाखवलं नाही.'

श्रोतेहो, आपल्याही घरात १ जूनवाली, १ जानेवारीवाली माणसं असतील. त्यांची साठी, पंच्याहत्तरी जरूर करा. हौसेनं जुन्या वस्तूही मांडा. पण त्याआधी त्यांच्याजवळ बसून विचारा, की तुम्हाला कोण भेटायला हवं? आणि ते माणूस असेल तिथून घेऊन या. ते सांगतील त्यातलं सगळंच गोड असेल असं नाही. तरी ऐका, आणि जमलं तर लिहून ठेवा.

अम्माच्या आधार कार्डावर अजून १ जानेवारीच आहे. लेक म्हणाली, बदलून घेऊ. अम्मा म्हणाली, 'राहू दे. तिथं कागद लागतात. माझा कागद अक्का होती.'