पोरीचं विमान आणि तिची जागा



इथं अमेरिकेत आपल्या घरांतून वाढदिवसाला ड्रोन येऊ लागलेत. आमच्याकडे मात्र चौदा वर्षांच्या लेकीनं थर्माकोलचं विमान स्वतः बनवलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर 610 ग्रॅम भरलं! छंदाचं विमान 250 ग्रॅम किंवा जास्त असलं की नोंदणी लागते. तीन वर्षांचे पाच डॉलर. भरले.

पण सप्टेंबर 2023 पासून अशा विमानांना रिमोट आयडीही लागतो. म्हणजे उडताना त्यानं आपला नंबर, जागा, उंची, वेग रेडिओलहरींवरून सांगत राहायचं. गाडीच्या नंबरप्लेटसारखंच, म्हणालो आम्ही. मग कळलं, उडवणाऱ्याची जागाही त्यात जाते, आणि आसपास ज्याच्या फोनवर तसं ॲप असेल त्याला ती दिसते. पोर मैदानाच्या कडेला एकटी, डोळे आभाळात. पोटात गोळाच आला.

नीट वाचल्यावर थोडा धीर आला. नाव-पत्ता लहरींतून जात नाही. नंबरावरून माणूस शोधणं विमान खातं आणि अधिकृत पोलीस यांच्याच हातात. तयार ड्रोन रिमोट धरणारा असेल तिथली जागा सतत दाखवतो, तुम्ही चालाल तशी तीही चालते. घरच्या विमानाला छोटं यंत्र जोडतात, ते फक्त उड्डाण जिथून केलं ती जागा दाखवतं. फरक लहान, पण आईला मोठा.

एक ड्रोनवाले याविरुद्ध कोर्टात गेले होते. 2022 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं नियम कायम ठेवला. विमानतळाजवळ कुणी ड्रोन घुसवला तर तो सापडायला हवाच, हे आम्हालाही पटतं. पण मुलीची जागा वाटेवरच्या कुणालाही दिसावी, हे पटत नाही.

वाट सापडली ती क्लबच्या मैदानाची. विमान खात्यानं मंजूर केलेल्या अशा जागेत, नजरेच्या टप्प्यात उडवलं तर रिमोट आयडी लागत नाही. दर रविवारी चाळीस मिनिटं गाडी हाकतो, डब्यात थालीपीठं. इतर दिवशी यंत्र लावायचं आणि आमच्यापैकी एकानं तिच्याशेजारी उभं राहायचं, असं ठरलंय. तिला ते मुळीच आवडत नाही.

आता दुसरं विमान 250 ग्रॅमच्या आत बसवायची तिची खटपट चालू आहे. काटा अजून स्वयंपाकघरात परतलेला नाही.